कावळ्याचा घास आणि मांजरीचं पोट

आमच्या मांजरीला स्वच्छतेचं भारी वेड, असं आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत होतो. बाईसाहेब सकाळी अंग चाटायला बसायच्या त्या दुपारपर्यंत. मग एक दिवस ती उताणी झोपली आणि मला दिसलं, की पोटावर केसच नाहीत. नुसतं गुलाबी, सोललेलं पोट. मी किंचाळले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नजर लागली असेल. तू काहून फोटो काढून राहिली होती तिचे सारखे?"

मांजर तशी सासूबाईंचीच. गुडघ्यांमुळे त्यांचं जिना उतरणं बंद झालं, तेव्हापासून विजय नगरातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर दिवसभर या दोघीच असतात. मी शाळेत, नवरा ऑफिसात. त्यामुळे उपचारही सासूबाईंनीच सुरू केले. खोबरेल तेलात कडुलिंबाचा पाला उकळून ते पोटाला चोपडलं. बाईसाहेबांनी तेल चाटून साफ केलं आणि कडेचे केसही त्याबरोबर गेले. आगीतून फुफाट्यात!

त्यातच नणंदेचा फोन आला. ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. "वहिनी, कातडीचा रोग झालेली मांजर बाळाजवळ नको. घमापुरला मावशीकडे पाठवून द्या तिला." तिचं म्हणणं वावगं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर सासूबाई मांजरीला मांडीवर घेऊन बसल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला फार राग आला. कुणाचा, ते ठरेना. शेवटी मांजर टोपलीत घातली, ऑटो केली आणि सदरला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी बारीक कंगवा फिरवून पिसवा शोधल्या. नव्हत्या. बुरशी नव्हती. मूत्राशय दुखत असलं तरी मांजर पोट चाटतं म्हणून लघवी तपासली, तीही ठीक निघाली. मग पोटाच्या कडेचे दोन-चार केस त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. टोकं तुटलेली होती. केस गळत नव्हते, चाटून चाटून तुटत होते. "दीदी, इसको बीमारी नहीं, टेन्शन है," त्या म्हणाल्या. मला हसू फुटलं. हिला कसलं टेन्शन? हिला काय दहावीचे पेपर तपासायचे आहेत? बाई मात्र हसल्या नाहीत. माणूस नखं खातो, तसं मांजर चाटतं, म्हणाल्या. तेल बंद करा, ओरडू नका, आणि काय पाहून ती चाटायला बसते तेवढं शोधा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सासरे गेल्यापासून सासूबाई रोज सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर कावळ्यासाठी दहीभाताचा घास ठेवायच्या. पूर्वी तो दुपारपर्यंत वाळत पडायचा. हल्ली मात्र त्या आत वळल्या, की साफ. "बघ, वाटच पाहून राहिले असतात," असं म्हणत त्या खुशीत चहा घ्यायच्या. आम्हीही माना डोलवायचो.

रविवारी मी मोबाइल बाल्कनीकडे रोखून फ्रिजला टेकवला आणि व्हिडिओ चालू ठेवला. त्यात दिसलं, ते असं: शेजारच्या गच्चीवरून एक लठ्ठ, कान फाटलेला बोका कठड्यावर उतरला. त्याने दहीभात चापला, तुळशीशेजारच्या कुंडीवर धार मारली आणि बाल्कनीच्या काचेच्या दाराशी येऊन मिशा पुसत बसला. काचेच्या आत आमची मांजर पाठीची कमान करून उभी. तो गेला तशी ती खाली बसली आणि पोट चाटायला लागली.

सासूबाईंना हे दाखवावं की नाही, ते मला कळेना. संध्याकाळी दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "अच्छा. म्हणजे हा खाऊन राहिला होता." मोबाइल त्यांनी माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "उद्यापासून घास नको. घरात आहे तिचं आधी पाहू."

आम्ही काचेच्या खालच्या भागाला धूसर कागद लावला, कुंड्या घासून धुतल्या, कपाटावर मांजरीला बसायला उंच जागा केली. संध्याकाळी तिच्या जेवणाआधी सासूबाई खुर्चीत बसून दोरी ओढत तिला खेळवायच्या. बोका काही दिवस येऊन शिव्या देऊन गेला, मग फिरकला नाही. हळूहळू पोटावर मऊ लव फुटली. नणंद आली, तिने डॉक्टरीणबाईंना स्वतः फोन करून खात्री केली आणि "चलो, राहू द्या" म्हणाली. मला तर नाचावंसं वाटलं.

एका सकाळी सासूबाई रिकाम्या कठड्याकडे बघत बसल्या होत्या. मांजर मांडीवर झोपलेली. मी विचारलं, "आई, घास बंद केल्याचं वाईट वाटतं का हो?"

"वाटतं ना," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना दहीभात कधीच आवडला नाही. जन्मभर ताटात तसाच ठेवून उठले. मला वाटलं, आता तरी माझ्या हातचा खाऊन राहिले."