पाचव्या अल्बमसाठी

उत्तरेश्वर साळुंकेने थॉर्नगेट पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि पाठीवर पट्ट्याचे ताजे वळ होते म्हणून पालथा पडला होता. वडील रामदास खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. तुळजापूरकडून आलेला, कमी बोलणारा माणूस. दिवसभर जपून, दबून काम करायचं आणि क्वार्टरमध्ये आल्यावर पट्टा काढायचा. कारण लागत नसे. त्या दिवशीचं कारण होतं माठात पाणी नसणं.

शेजारचा आयटीआयमधला मित्र त्याला बघायला आला, काय बोलावं ते सुचेना म्हणून त्याने टेप लावला. थॉर्नगेट म्हणजे इंग्लंडमधल्या कुठल्याशा खाणीच्या गावातला चौघांचा बँड. सत्तरच्या दशकात सात अल्बम काढले, सातव्याच्या वेळी ड्रमर मेला, बँड फुटला. उत्तरेश्वरला यातलं काही ठाऊक नव्हतं. शब्द कळत नव्हते. त्याला एवढंच ऐकू आलं की कोणीतरी जिवाच्या आकांताने बडवतंय आणि कोणालाच लागत नाहीये. तो तसाच पालथा पडून कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकत राहिला. तो पाचवा अल्बम होता.

पुढच्या दहा वर्षांत त्याने सातही अल्बम मिळवले. सगळे कोणाच्या ना कोणाच्या कॅसेटवरून उतरवलेले. भोसरीत एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. डिक्शनरी घेऊन गाण्यांचे शब्द लावायचा. इंग्रजी शिकला ते असं. लग्न झालं, लोणी काळभोरची द्वारका घरात आली, पंच्याण्णव साली अपेक्षा झाली. वडील वारले तेव्हा त्यांचा पट्टा उत्तरेश्वरने स्वतःच्या हाताने नदीत टाकला. आपण सुटलो, असं त्याला वाटलं.

अपेक्षा दोन वर्षांची असताना द्वारकाने तिचे बोबडे बोल टेप करून ठेवले. कोरी कॅसेट समजून तिने घेतली ती पाचव्याची होती. संध्याकाळी उत्तरेश्वरने टेप लावला. अकरा मिनिटांचं ते मोठं गाणं, गिटार चढत चढत वर जाते, आणि ऐन वरच्या टोकाला गाणं तुटून पोरीचा आवाज आला, "बाबा, भू." त्याने वळून द्वारकाच्या कानशिलात लगावली. ती भिंतीवर आपटली, भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं तरी ती ओरडली नाही. आपल्या हाताकडे बघत तो उभा राहिला. हात वडिलांचाच होता. तीच रुंद बोटं, तोच अंगठा.

द्वारका पोरीला घेऊन माहेरी गेली. चौथ्या दिवशी तिचा भाऊ दिगंबर दोन माणसं घेऊन आला.

"आमची भन हाय ती, दाजी," तो दारातच म्हणाला. "गाण्यापायी मारली व्हय?"

त्यांनी त्याला घरामागे नेऊन उसाने झोडपलं. दोन बरगड्यांना तडे गेले. उत्तरेश्वरने एकदाही हात वर केला नाही. महिन्याभराने द्वारका परत आली ती एवढंच बोलून, "परत हात उठला तर मी यायची नाही. आणि कॅसेटीला मी हात लावायची नाही." दोघांनी पाळलं. घरात थॉर्नगेट बंद झाला.

म्हणून रविवारची बैठक. खडकी बाजारात रंगराव शेट्यांचं परमिट रूम होतं, त्याच्या वरच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सहासात माणसं जमायची. सगळे थॉर्नगेटचे वेडे. प्रमुख म्हणजे अनिरुद्ध गोखले, सदाशिव पेठेतला, विमा कंपनीत नोकरीला. तो पहिल्या अल्बमचा माणूस. पुढचे सहा अल्बम म्हणजे त्याच्या मते पहिल्याची माफी मागण्याचे सहा प्रयत्न. कोणी फार तावातावाने बोललं की म्हणायचा, "आपण बसून बोललात तरी ऐकू येईल." तिथे उत्तरेश्वरला कोणी फिटर म्हणून ओळखत नसे. तो पाचव्याचा वकील होता. चौथ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर ड्रमर एक ठोका मुद्दाम सोडतो, हे त्याने दाखवून दिलं तेव्हा अनिरुद्धने चष्मा काढून पुसला होता.

मग दिग्विजय मोहिते आला. सॉफ्टवेअरमधला, सत्तावीस वर्षांचा, उत्तम गिटार वाजवणारा. तो तिसऱ्याचा. तिसरा अल्बम चार दिवसांत, एका गोदामात, एकेका दमात वाजवून रेकॉर्ड केलेला. त्यात थॉर्नगेट खरा आहे, पाचव्यात नुसता सजवलेला आहे, असं तो म्हणे. वर्षभर दोघं भांडले. ते भांडण इतकं रंगायचं की बाकीचे बिअर गरम होऊ देत ऐकत बसायचे. याच वर्षात भोसरीचा कारखाना बंद पडला. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करून उत्तरेश्वर घरी बसला. सहा महिन्यांनी त्याला एका आयटी कंपनीच्या इमारतीत जनरेटरवर काम मिळालं. कंपनी दिग्विजयची निघाली. तो चौथ्या मजल्यावर, हा तळघरात. दिवसातून तीन वेळा लाइट जायची आणि उत्तरेश्वर त्या गर्जणाऱ्या लोखंडाशेजारी तासन्‌तास उभा राहायचा. उजव्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली होती. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

दोन हजार सालच्या ऑगस्टमध्ये दिग्विजय सहा महिन्यांचं अमेरिकेतलं काम आटपून परतला. रविवारी येताना सातही अल्बमच्या नव्या सीडी घेऊन आला; सोबत शुभंकर नावाचा ऑफिसातला मित्र. आडदांड, थॉर्नगेटशी देणंघेणं नसलेला.

उत्तरेश्वरची पाचव्याची, पुन्हा उतरवून घेतलेली कॅसेट लागलेली होती. दिग्विजयने एक मिनिट ऐकलं आणि हसला.

"साळुंके, तुम्ही पाचवा ऐकलेलाच नाहीत. तुम्ही त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स ऐकलीय. यात बास आहे कुठे?"

"आहे. ऐकायला कान लागतात."

"तेच म्हणतोय. दिवसभर त्या जनरेटरपाशी असता. अहो, परवा मी तळघराच्या दारातून तीन हाका मारल्या, तुम्ही वळलाही नाहीत. तुमचे कान गेलेत, साळुंके. तुम्ही आता आठवणीतलं ऐकता."

दिग्विजयच्या मनात वाईट नव्हतं. जिंकत आल्यावर माणूस बोलतो तसं तो बोलला आणि कॅसेट काढण्यासाठी त्याने टेपच्या बटनाकडे डावा हात नेला.

उत्तरेश्वरने तो हात मनगटाला धरून टेबलावर दाबला. दुसऱ्या हाताने बाजूचं लोखंडी स्टूल उचललं आणि बोटांवर घातलं. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. दिग्विजयचं तोंड उघडलं, पण त्यातून लगेच काही बाहेर आलं नाही. उत्तरेश्वरने खाली बघितलं. मधली दोन बोटं नको त्या बाजूला वळली होती. ते नीट बघून त्याने स्टूल पुन्हा उचललं आणि पुन्हा तिथेच घातलं.

मग किंकाळी आली. शुभंकरने बिअरची बाटली उत्तरेश्वरच्या उजव्या कानावर फोडली. तो खाली पडला, तसा शुभंकर त्याच्या तोंडावर, पोटावर, बरगड्यांवर लाथा घालत राहिला. रंगराव जिन्यातून ओरडत वर आले. अनिरुद्ध भिंतीला चिकटून "पुरे, पुरे" म्हणत होता आणि त्याचा आवाज त्यालाही ऐकू जात नसावा. टेप चालूच होता. उत्तरेश्वरच्या तोंडात दातांचे तुकडे आणि मीठ होतं. उजवीकडून काहीही येत नव्हतं; डावीकडून ड्रम्स येत होते.

चौकीत त्याची रात्र कशी गेली, ते तो कधी बोलला नाही. सकाळी त्याला नीट बसता येत नव्हतं. कानाचा पडदा गेला तो कायमचा. जामीन होईपर्यंत तीन आठवडे येरवड्यात काढले. शुभंकरवरही वेगळा गुन्हा नोंदला गेला, पण तो परदेशी निघून गेला आणि ते प्रकरण रेंगाळलं. दिग्विजयच्या हातावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. बोटं जागेवर आली, वाकेनात. गिटार संपली.

द्वारका जामिनाच्या दिवशी आली होती. म्हणाली, "बाहेर मारलंत. घरात नाही. म्हणून आले."

मग शिवाजीनगर कोर्ट. तारखांवर तारखा, पाच वर्षं. पहिल्या वर्षी दोघं कॉरिडॉरच्या दोन टोकांना बसायचे. दुसऱ्या वर्षी एकदा दुसरं बाक मोडकं निघालं आणि दिग्विजय येऊन त्याच्या डाव्या बाजूला बसला. अर्ध्या तासाने समोर बघतच दिग्विजय म्हणाला, "सातव्यातलं शेवटचं गाणं ड्रमर मेल्यानंतरचं आहे. ते त्याच्यावर लिहिलंय, असं मला आता वाटतं."

"नाही," उत्तरेश्वर म्हणाला. "ते लिहिलं तेव्हा तो जिवंत होता. पाचव्याच्या वेळचीच चाल आहे."

"पुरावा?"

"ठोका सोडलाय. तोच ठोका."

दिग्विजय वळला. "असं होतच नाही. वाजवून दाखवा."

उत्तरेश्वरने बाकावर बोटांनी वाजवून दाखवलं. दिग्विजयने आपल्या धड हाताने पुढचं वाजवलं, डावा मांडीवर पडून होता. बैठक तर त्या दिवसापासूनच मोडली होती आणि अनिरुद्ध खडकीच्या बाजूलाही फिरकत नव्हता. अख्ख्या शहरात या विषयावर भांडायला दोघांना दुसरं कोणी उरलं नव्हतं. पुढच्या प्रत्येक तारखेला ते एकाच बाकावर बसले. एकदा तर आवाज इतका चढला की उत्तरेश्वर ताडकन उठला, मूठ वळलेली. दिग्विजयने झटकन डावा हात छातीशी ओढून घेतला. उत्तरेश्वरने ते पाहिलं. तो जिना उतरून खाली गेला आणि नळाखाली डोकं धरून पुकारा होईपर्यंत तिथेच राहिला.

दोन हजार पाच साली दिग्विजयची साक्ष झाली. बचावाच्या वकील वासंती केळकर हुशार बाई. झटापटीत अपघाताने स्टूल लागलं, असा त्यांचा मुद्दा. त्यांनी विचारलं, "मोहिते, आपण सुशिक्षित आहात. गाण्यांवरून कोणी माणसाची बोटं मोडतं का हो?"

"मोडतं," दिग्विजय म्हणाला. "त्या दिवशी स्टूल माझ्या हाताशी असतं आणि ते मला तसं बोलले असते, तर मीही मोडली असती."

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली. "असं काय बोलला होतात आपण?"

"की त्यांना आता ऐकू येत नाही."

तो एक शब्द जास्त बोलला नाही आणि एक कमीही नाही. फटके दोन होते, त्याने दोनच सांगितले.

उत्तरेश्वरची पाळी आली तेव्हा वासंतीबाईंनी त्याला पढवलेलं उत्तर होतं. न्यायाधीशांनी विचारल्यावर त्याने डावा कान पुढे केला, प्रश्न नीट ऐकला आणि म्हणाला, "पहिला फटका रागात गेला, साहेब. दुसरा मी बघून मारला."

वासंतीबाईंनी फाइल मिटली.

एक वर्षाची सक्तमजुरी. निकालानंतर दिग्विजय जिन्यात उभा होता. काही बोलावं असं दोघांनाही वाटलं असणार. हवालदाराने उत्तरेश्वरला पुढे ढकललं आणि ते राहून गेलं.

तो सुटून आला तेव्हा अपेक्षा अकरा वर्षांची झाली होती. जनरेटरची नोकरी अर्थात गेली होती. बाजारात एका पंप दुरुस्तीच्या दुकानात त्याला काम मिळालं. द्वारकाने त्याला घरात घेतलं, पण ती आणि पोरगी आतल्या खोलीत झोपत आणि दाराला आतून कडी लावत. उत्तरेश्वरने त्याबद्दल कधी विचारलं नाही. कडीचा आवाज त्याच्या उरलेल्या कानाला स्पष्ट यायचा.

दोन वर्षांनी अपेक्षाला शाळेच्या कामासाठी सायबर कॅफेत जायचं होतं, तो सोबत गेला. तिचं काम आटपलं, तेव्हा त्याने संकोचत तिला बँडचं नाव शोधायला सांगितलं. एक पान उघडलं. जगभरातले लोक थॉर्नगेटचा सर्वोत्तम अल्बम कोणता, यावर भांडत होते, शेकडो मतं. अपेक्षा वाचून अर्थ सांगत गेली. पहिला पुढे होता. पाचवा शेवटून दुसरा. मग ती एका मतापाशी थांबली.

"पुण्याचा आहे कोणीतरी. लिहिलंय, तिसरा सर्वोत्तम. पण पाचव्यासाठी एका माणसाने माझी बोटं मोडली आणि त्याच्याइतकं नीट तो अल्बम मी दुसऱ्या कोणाला ऐकताना पाहिलं नाही. म्हणून पाचवा दुसरा." ती स्क्रीनकडेच बघत राहिली. "हे तुम्ही?"

"हो."

तिने खुर्ची थोडी लांब सरकवली. उत्तरेश्वरला वाटलं, आता उठून जाईल. शेजारच्या केबिनमध्ये कोणीतरी जोरजोरात की-बोर्ड बडवत होतं.

"आईच्या भुवईवरची खूण पण याच्याचमुळे ना?"

"अल्बममुळे नाही," तो म्हणाला. "माझ्यामुळे. दोन्ही."

तिने ते मत पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मग तिने हात की-बोर्डवर ठेवले. "काही लिहायचंय का त्यांना?"

उत्तरेश्वरने खूप विचार केला. माफी कोर्टात मागायची राहिली होती. ती इथे, शेकडो अनोळखी लोकांसमोर मागणं त्याला खोटं वाटलं.

"लिही, दुसऱ्या फटक्याला कारण नव्हतं," तो म्हणाला. "आणि तिसरा चौथ्या नंबरच्या वर जात नाही."

अपेक्षाने दोन्ही वाक्यं इंग्रजीत लिहिली, एकदा वाचून दाखवली आणि पाठवून दिली.