टर्कीच्या सहासष्ट फोडी

माझी धाकटी मेहुणी चाकणच्या पुढे, घरामागच्या शेडमध्ये टर्की पाळते. दोन वर्षं झाली. चाळीसच्या आसपास पक्षी असतात, पण तिने स्वतः टर्की एकदाही खाल्लेली नव्हती. वाढलेला प्रत्येक पक्षी विकला जायचा. मध्यंतरी हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने तिला विचारलं, चव कशी असते, शिजायला किती वेळ लागतो. तिला सांगता येईना. तो म्हणाला, चव तुम्हालाच माहीत नाही, तर मी गिऱ्हाइकाला काय सांगू? म्हणून तिने एक नर बाजूला ठेवला आणि एका रविवारी तो कापून, साफ करून काळेवाडीला आमच्याकडे आणला. बायकोच्या हातचा रस्सा तिला हवा होता. हॉटेलवाल्याला सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मांस पाच किलो चारशे ग्रॅम भरलं. फोडी सहासष्ट. कासारवाडीहून आलेल्या थोरल्या भावाचं कुटुंब धरून माणसं अकरा, म्हणजे माणशी सहा. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, अहो, आधी वाटण तर होऊ द्या.

भावाने मेहुणीच्या मोबाइलवर टर्कीचा फोटो बघितला. गळ्याची ती लोंबती लाल कातडी बघून म्हणाला, "पाहुणीबाई, हे तर गिधाड. आम्हाला आपली दोन अंडी उकडा." सगळे हसले. मेहुणीही हसली, दुसरं काय करणार?

दोघी बहिणी तीन तास ओट्यापाशी उभ्या होत्या. आठ शिट्ट्यांनंतरही तंगडीच्या फोडीत सुरी शिरेना, म्हणून आणखी सहा दिल्या. मेहुणी सगळं मोबाइलमध्ये लिहीत होती. रश्श्याचा वास बाहेरच्या खोलीत आला तेव्हापासून अंड्यांचं नाव कोणी काढलं नाही.

आमच्याकडे पुरुष आधी बसतात. का, हे पन्नाशीला आलो तरी मी कधी विचारलं नव्हतं. आम्ही सहा जण बसलो, मेहुणीचा नवराही त्यातच. भाऊ वाटी पुढे करत होता, वहिनी वाढत होती. मी सात खाल्ल्या. एक जास्त, ते लपवत नाही.

हात धुऊन स्वयंपाकघरात गेलो तेव्हा पाच जणी नुकत्याच बसल्या होत्या. पातेल्यात रस्सा भरपूर, फोडी सहा. चार मानेच्या, दोन पाठीच्या हाडाच्या. मेहुणी रश्श्यात भाकरी कुस्करत होती. बाकीच्या फोडी कुठे गेल्या, असं मी विचारलं. बायकोने डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. ओट्यावर भावाचा डबा होता, सकाळच्या पहिल्या शिफ्टसाठी भरलेला. उघडला. त्यात दहा फोडी, छातीच्या आणि तंगडीच्या.

म्हणजे आम्ही सहा जणांनी पन्नास खाल्ल्या होत्या. आमच्या वाट्याच्या होत्या छत्तीस.

दोन वर्षं त्या पक्ष्यांची घाण उपसणारी बाई मानेची हाडं चोखणार, आणि सकाळी कंपनीच्या कँटीनमध्ये माझा भाऊ मित्रांना टर्कीची चव सांगणार. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, असं बायको नंतर म्हणाली. मला संताप त्याचाच आला. मनात वाईट असतं तर निदान कोणीतरी विचार केला होता असं म्हणता आलं असतं. अजून पाच जणी जेवायच्या आहेत, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मोजणाऱ्याच्याही नाही.

मी डबा मेहुणीच्या ताटात उपडा केला.

"अरे, माझा डबा आहे तो," भाऊ दारातून म्हणाला.

"गिधाड आहे ते, दादा. तू अंडी ने."

वहिनीने पदर तोंडाला लावला. हसू होतं की राग, कळलं नाही. भाऊ रिकामा डबा तसाच ठेवून खाली स्कूटरपाशी जाऊन उभा राहिला. या गोष्टीला महिना झाला. त्याचा फोन नाही, मीही केलेला नाही.

मेहुणीने आधी बाकी चौघींच्या ताटात दोन-दोन फोडी वाढल्या. मग तिच्या दोन खाल्ल्या, सावकाश, एक छातीची, एक तंगडीची. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"दाजी, छातीचं मांस कोरडं पडतं," ती म्हणाली. "तंगडी मात्र मटणाच्या वर आहे." मग उजवा हात खरकटा म्हणून डाव्या हाताने मोबाइल ओढून तिने तेवढंच लिहिलं.