आधी हवा, मग पाणी

आतड्याला पीळ पडून मी गडाबडा लोळायला लागलो आणि त्याच दिवशी नाशिकच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी माझं पोट उघडलं. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. शेजारच्या खाटेवर दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार होते. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचं ऑपरेशन माझ्या आदल्या दिवशी झालेलं. वारा सरेपर्यंत दोघांनाही पाण्याचा थेंब मना होता.

सिस्टर रोज विचारायची, "गॅस पास झाला का?" मी कॉलेजात शिकवणारा माणूस, लाजून नुसती मान हलवायचो. ते मात्र पोटावर हात ठेवून, लांबच्या विहिरीवरच्या मोटरचा आवाज ऐकावा तसे पडून राहत. मला म्हणाले, "घाबरू नका, सर. मोटर चालू केली का पाइपातून आधी हवाच येती. मग पाणी."

तिसऱ्या सकाळी माझी हवा आली. सिस्टरने दोन चमचे पाणी पाजलं. ते माझ्या गळ्याकडे बघत राहिले.

"गोड लागलं?"

"लय," मी म्हणालो.

ते हसले आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत भिंतीकडे वळले.

दुपारी ते झोपेत असतानाच त्यांच्या खाटेवरून आवाज आला. मी सलाईनचा हात सावरत उठून बसलो आणि भर वॉर्डात ओरडलो, "सिस्टर, पाणी आणा. यांची मोटर चालू झाली."