वस्ती शून्य

पोळी घोड्याच्या नालासारखी फाडून ते डब्याच्या झाकणावर ठेवायचे आणि म्हणायचे, “ही खाडी. वस्ती शून्य. यल्ला, चला, आता ऐका!”

एकच गोष्ट जन्मभर सांगणारा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्याकडे हे होते. सर्वेअर, मूळचे देवगडचे. आम्ही तरुण मंडळी त्यांना काका म्हणायचो. वर्ल्ड कप जवळ येत होता, आखातातल्या उम्म सलाल मोहम्मद या गावाजवळ आमच्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं, आणि भट्टीसारख्या उन्हात काका आम्हाला उत्तर ध्रुवाकडे न्यायचे. तरुणपणी ते समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर होते.

“तीन बाजूंना काळे कडे. टोकाला हिमनदी. झाड नाही, झुडूप नाही. किनाऱ्यावर रेव आणि हाडं. वारा हिमनदीवरून उतरतो तो बैलासारखा, शिंगं रोखून.”

“मग घर बांधा तिकडे,” मी चिडवायचो.

“बांधलं असतं रे. तुझ्या काकूला रोज नारळ लागतो.”

पुढचं त्यांनी एकदाच सांगितलं. हिमनदीचा कडा तोफेसारखा फुटून पाण्यात कोसळला. लाटेने त्यांची छोटी बोट उलटवली. सोबतचा माणूस बर्फाच्या दोन लाद्यांमध्ये चिरडला. “बरगड्या मोडलेल्या ऐकू आल्या मला,” काका म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

साइटवर पाइपसाठी खोल चर खणला होता. कडेला आधाराचे पत्रे नव्हते. काकांनी फोरमनला बजावलं, “आदमी को नीचे मत भेज.”

“इन्शाल्ला, कल लगाएंगे,” फोरमन हसला आणि दोघांना खाली उतरवलं.

चर ढासळला.

सगळ्यात आधी काकांनीच उडी मारली. फावडं कुणाला लागेल म्हणून हातांनीच उकरत राहिले, नखं उखडेपर्यंत. एक जण खोकत वर आला. दुसऱ्याच्या तोंडात वाळू ठासून भरली होती; तो गेला होता.

काका वर आले, फोरमनची मान धरली आणि त्याचं तोंड जीपच्या बॉनेटवर आपटलं. पुन्हा आपटलं. दात पडले, रक्त उडालं. आम्ही तिघं ओढत होतो, तरी सुटेनात. “देख उसको! देख!” एवढंच ओरडत होते.

चराच्या आधाराचे पत्रे दुसऱ्याच दिवशी आले. काकांना अटक झाली आणि देशाबाहेर पाठवायचं ठरलं. मी कोठडीत भेटायला गेलो तेव्हा त्यांनी फोरमनचं नावही काढलं नाही.

“तो खोकणारा?”

“बरा आहे, काका. काल भात खाल्ला त्याने.”

“खाल्ला ना?” ते म्हणाले. मग बँडेजमधले दोन्ही हात कुठे ठेवावेत ते न कळून, नुसते हवेत धरून बसून राहिले.