वृंदाच्या वाडीवर सावडीचा दिवस

वीर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत वृंदासाठी घेतलेली बाकरवडी होती आणि मनात एकच इच्छा होती, की तिचं घर गळत असावं.

तुम्ही मला दुष्ट म्हणाल. म्हणा. वृंदा आणि मी ठाण्यातल्या एका विमा कार्यालयात वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, साहेबांना एकाच सुरात नावं ठेवली. मग पन्नाशी ओलांडल्यावर बाईसाहेबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नवऱ्याच्या गावी, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर, सासरची पडीक जमीन कसायला निघून गेल्या. नवरा ठाण्यातच नोकरीला, सुट्टीला जातो-येतो. पहिल्याच पावसाळ्यात ही सर्दी-खोकला घेऊन परत येईल, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ती आली नाही. तिचे फोटो यायला लागले. वृंदा चिखलात, वृंदा भाताच्या रचलेल्या उडवीपाशी, वृंदा काखेत भोपळा घेऊन. ग्रुपवर लोक बदाम पाठवायचे. मी ‘छान’ लिहायचे आणि फोन उपडा ठेवायचे.

यंदा कार्यालयात पुन्हा स्वेच्छानिवृत्तीची संधी आली. मलाही घेता येत होती. पण घेऊन करायचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि वृंदाकडे होतं, हेच मला खुपत होतं. ती पस्तावलेली दिसली असती, तर मी निमूटपणे साठीपर्यंत खुर्चीत बसले असते, आणि तेही शहाणी म्हणून. एवढ्यासाठी मी रजा टाकून निघाले होते.

वीरहून महाडपर्यंत रिक्षा केली. रिक्षावाले चाचा माझ्याच वयाचे, दाढी पांढरी, अंगात इस्त्रीचा शर्ट.

“किती वर्षं चालवताय?” मी सहज विचारलं.

“आता आता घेतली. आधी कुवेतला होतो, एसीमध्ये. पगार झकास. पण जेवायला बसलो की समोर भिंत. शेवटी म्हटलं, बास झालं. आता दुपारी घरी जेवतो, बायको बोलते, मी ऐकतो.” आरशात बघून ते हसले. “ऐकायला पण मजा येते हो ताई, एवढ्या वर्षांनी.”

म्हणजे इथेही तेच. सगळ्या जगाला पन्नाशीत शहाणपण सुचलं होतं आणि मी तेवढी मागे राहिले होते. चाचांनी माझी पिशवी उचलून थेट एसटीत ठेवून दिली, त्यामुळे त्यांच्यावर नीट चिडताही आलं नाही.

महाडहून पोलादपूर आणि तिथून उमरठची गाडी. पोलादपूरच्या स्टँडवर चहा घेतला, तो कपातून बशीत आणि बशीतून माझ्या साडीवर आला. गाडी सुटली आणि रस्ता नदीच्या कडेने आत वळला. पलीकडे महाबळेश्वरच्या बाजूचे डोंगर निम्म्यापर्यंत ढगात होते. खाली खाचरांमध्ये हिरव्याचे वेगवेगळे तुकडे. लावणी झालेलं शेत फिकट आणि विरळ, आवण (भाताची लावायची रोपं) असलेला तुकडा गर्द. सुंदर होतं, मी नाकारत नाही. पण ते वृंदाचं होतं म्हणून मला खिडकी लावून घ्यावीशी वाटली. काच अडकलेली निघाली, त्यामुळे बघत बसावं लागलं.

उमरठच्या अलीकडे वृंदा छत्री घेऊन उभी होती. काळवंडली होती, वाळली होती. मला बरं वाटलं. मग तिने माझी बॅग एका हाताने उचलून खांद्यावर टाकली आणि चढण चढायला लागली. मागून मी धापा टाकत.

घर गळत नव्हतं. मी प्रत्येक खोलीत वर बघून खात्री केली. रात्री तिने नाचणीच्या भाकऱ्या आणि मुठ्यांचं (शेतातल्या खेकड्यांचं) कालवण वाढलं. हेवा वाटत असला तरी भूक लागतेच. मी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं.

“उद्या मी तुला वेळ देऊ शकणार नाही गं,” वृंदा म्हणाली. “शेजारच्या सुंदराकाकींकडे सावडीला जायचंय.”

सावड म्हणजे कामाची परतफेड. आज तुम्ही माझ्या शेतात राबलात, तर माझा एक दिवस तुमच्या शेतात. पैशांची बात नाही. लावणीच्या दिवसांत सगळी वाडी अशी एकमेकांच्या शेतांतून फिरत असते.

“मागच्या वर्षी वाडीतल्या सगळ्या बायका माझ्या शेतात राबल्या,” ती सांगत होती. “मी फेडायला गेले तर मला बांधावर बसवलं. ‘वैनी, तुम्ही चहा करा.’ ठाण्याची सून, हिच्याच्यानं काय होणार! घरी येऊन रडले होते मी. या वर्षी काकी स्वतः म्हणाल्या, ये.”

हे सांगताना तिचं तोंड असं फुललं होतं, की मी ताटाकडे बघत राहिले. पगारवाढीच्या दिवशीही मी तिला असं पाहिलं नव्हतं.

“मीही येते,” मी म्हणाले. सोबत म्हणून नव्हे. तिला जे जमतं ते मला जमत नाही, हे मला मान्य नव्हतं.

सकाळी काकींच्या खाचरात आम्ही बायका ओळीने उभ्या राहिलो. सुंदराकाकी बुटक्या, दणकट, आवाज शेजारच्या वाडीवर जाईल असा. त्यांचा मुलगा मुंबईला आणि सून इथेच, आमच्या ओळीत. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, डाव्या हातात आवणाची मूठ, उजव्या हाताने काड्या चिखलात रोवत मागे मागे सरकायचं. मी वृंदाच्या शेजारीच उभी राहिले, कार्यालयात बसायचे तशी. आणि शर्यत सुरू केली. तिला ती ठाऊक नव्हती.

मी पुढे गेले, म्हणजे मागे गेले. झपाट्याने. तेवढ्यात टाच रुतली आणि मी सगळ्यांदेखत चिखलात फतकल मारून बसले.

“अरे देवा! धरा गो पावनीला,” काकी ओरडल्या. दोघींनी मला उपसून काढलं, पदराने तोंड पुसलं. “ताई, तुमी बांधावर बसा जरा. चा घ्या.”

त्याच दमात त्यांची नजर वृंदाकडे गेली. “अगो ए वृंदा! डोळं हायत का नाय? ओळ बघ कुठं चाललीय, पार वाकडी! उपट ती आन परत लाव!”

वृंदाने ओळ उपटली आणि परत लावली. खाली वाकलेली होती तरी तिचं हसू मला दिसलं. मला ताई म्हणून चहा मिळाला होता आणि तिला अगो ए म्हणून शिव्या. त्या खाचरात मला सगळ्यांत जास्त कशाचा हेवा वाटला असेल, तर त्या शिव्यांचा. तिची हिरवळ, तिचं न गळणारं घर, सगळं मी सोडून दिलं असतं. माझ्यावर असं हक्काने कोण शेवटचं ओरडलं होतं, मला आठवेना.

मी चहा प्यायले नाही. परत चिखलात उतरले आणि संध्याकाळपर्यंत लावत राहिले. हळू, इतर बायका लावत होत्या तशी. कंबर अशी झाली होती, की सरळ उभं राहायला बांध धरावा लागला.

काम संपल्यावर काकींच्या पडवीत कोरा चहा झाला. बायका आपापला हिशेब तोंडीच बोलत होत्या. कुणाची कुणाकडे सावड उरली, उद्या कुणाच्या शेतात.

“वृंदाची फिटली गो,” काकी म्हणाल्या. बस, इतकंच. वृंदाने मान हलवली आणि चहा पीत राहिली, जणू काही विशेष झालंच नाही.

मग काकी आत गेल्या आणि माझ्यासाठी नारळ आणि खण घेऊन आल्या. “पावन्या बायला मोकळ्या हातानं कसं धाडू?”

मी ओटी घेतली, वाकून नमस्कार केला. आणि मला रडूच यायला लागलं. “काकी, नारळ नको होता मला. मी पण दिवसभर लावलं. माझा दिवस धरा ना.”

काकींनी माझ्याकडे नीट बघितलं. हसल्या नाहीत.

“धरते की. न धरायला काय झालं? पन बाय, फेडू कुठं? तुमचं शेत कुठं हाय?”

शेत नाही हे तर खरंच. पण शेत सोडा, दुसऱ्या कुणाचे हात लागावेत असं माझं काहीच नव्हतं. काकी उद्या ठाण्याला आल्या असत्या, तर त्यांना माझ्या टेबलापाशी उभं करून मी काय लावायला सांगितलं असतं?

“माझ्याकडे धरा काकी,” वृंदा मदतीला धावली. “तिच्या वाटचा दिवस मला द्या, वरच्या खाचराला उपयोगी येईल.”

“मुळीच नाही!” मी एवढ्या जोरात म्हणाले, की कोपऱ्यातलं मांजर उठून गेलं. “सगळं तुलाच कशाला? माझा आहे तो. माझ्याच नावावर राहू दे.”

वृंदा बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि मागोमाग सगळ्यांना.

“ऱ्हाऊ दे तर,” काकी म्हणाल्या. “शेत आसंल, नायतर दुसरं कायबी आसंल. आपलं आसंल तेवा बोलवा. मी येते. पन बोलवा हां, तुमचा दिवस माज्या मानंवर ठेवू नका.”

दुसऱ्या दिवशी वृंदा मला वीरला सोडायला आली. गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. बाकरवडी तिने फोडली होती, ती दोघींनी संपवली. तिच्या नखांत चिखल होता, माझ्याही होता. माझा आठवड्याभरात निघून जाणार, तिचा नाही. तेवढ्यावरूनही मला एक बारीक कळ आली. हेवा एका दिवसात जात नाही. माझा तर बहुधा जन्मभर पुरेल.

गाडीने वीर सोडलं आणि माझ्या नवऱ्याचा फोन आला. “मग? पस्तावली का तुझी वृंदा?”

“नाही.”

“आणि तू? काय ठरलं तुझं?”

“मी पण सोडतेय नोकरी.”

“अगं, पण सोडून करणार काय?”

“ते अजून माहीत नाही,” मी म्हणाले. “पण एक बाई कामाला यायची ठरली आहे.”