दोन आठवडे लक्षात ठेवणारी डिस्क

आमच्या सोसायटीत वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की लोक माझ्या दाराची बेल वाजवतात. मी घरी बसून पुस्तकांची पानं लावण्याचं काम करते. मजकूर, चित्रं, मुखपृष्ठ असं सगळं जुळवून छपाईला पाठवते. त्यामुळे प्रिंटरपासून लिफ्टपर्यंत मला सगळं येत असणार, असा बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या दोन्ही विंगांचा ठाम समज आहे. लिफ्टचं मला ओ की ठो कळत नाही. डिस्कचं मात्र कळतं, आणि ते मी थोडं मिरवतेही.

कळायचं कारण पोटापाण्याचं आहे. हातात असलेलं पुस्तक मी एसएसडीवर ठेवते. तिच्यात फिरणारं काही नसतं, फाइल झटकन उघडते. छापून झालेली पुस्तकं आणि घरचे फोटो मोठ्या, स्वस्त, फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर. तिची आणखी एक प्रत भाईंदरला बहिणीच्या कपाटात, साड्यांच्या खाली, कारण दोन्ही प्रती एकाच घरात असल्या आणि त्या घरातच पाणी शिरलं तर काय करणार? लोकांना वाटतं, महाग घेतली की सुटलो. महागातली डिस्कही एक दिवस मान टाकते.

माझी अशीच एक मेलेली डिस्क मी एकदा स्क्रू काढून उघडून पाहिली होती. आत एक तबकडी, आरशासारखी लखलखीत. माझी कितीतरी वर्षं तिच्यावर होती आणि मला त्यात फक्त माझंच नाक दिसत होतं. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी मी बघत बसले होते. इतकं सगळं इतक्याशा जागेत राहतं, हे मला आजही पूर्ण पटलेलं नाही.

तर, सोसायटीच्या कॅमेऱ्यांची डिस्क टक टक आवाज करायला लागली तेव्हा कमिटीने अर्थातच मला बोलावलं. सेक्रेटरी उत्साहात म्हणाले, "मॅडम, माझ्या घरी जुन्या कॉम्प्युटरची डिस्क पडलीय. तीच टाकू ना. फालतू खर्चा कशाला?"

मी म्हटलं, "तुमच्या घरची डिस्क दिवसातून चार तास काम करून झोपते. कॅमेऱ्याची डिस्क रात्रंदिवस लिहीतच असते, तिला सुट्टी नाही. त्यासाठी वेगळी बनवलेली मिळते, तीच घ्यायची."

मग खरा वाद सुरू झाला तो किती दिवसांचं रेकॉर्डिंग हवं यावर. जुन्या डिस्कवर जेमतेम दोन आठवडे मावायचे. जागा संपली की ती सगळ्यात जुना भाग पुसायची आणि त्याच जागी आत्ताचा लिहायची. कुणी म्हणालं, तीन महिन्यांचं हवं. कुणी म्हणालं, बघतं कोण, आठ दिवसांचं पुरे. एका इमारतीने किती दिवस लक्षात ठेवावं, हे आम्ही सामोसे खात ठरवत होतो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. शेवटी एका महिन्यावर तडजोड झाली. मी हाटकेशमधल्या दुकानातून डिस्क आणली. टेक्निशियन शनिवारी दुपारी चारला येऊन ती बसवणार होता.

त्या शनिवारी बाराच्या सुमाराला समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दारात उभ्या राहिल्या. काका गेल्याला दोन आठवडे होत होते. एका शनिवारी दुपारी त्यांना ॲम्ब्युलन्समधून नेलं आणि रविवारी पहाटे ते गेलेच. आदल्या दिवशी तेरावं झालं होतं, सकाळी शेवटचे पाहुणेही परतले होते. काकूंच्या घरात पहिल्यांदाच शांतता होती.

"तुमच्या त्या कॅमेऱ्यात हे असतील का गं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना आत घेतलं.

"फोटो आहेत, पण सगळे बसलेले नाहीतर उभे. मला त्यांना चालताना बघायचंय. डोळे मिटले की चेहरा दिसतो, पण चालतच नाहीत. चाळीस वर्षं ज्यांच्यामागून चालले त्यांचं चालणं मला आठवेनासं झालंय. घरात इतकी माणसं होती, हे कुणाला सांगू?"

डिस्कवर मावायचे तेही तेवढेच. दोन आठवडे. मी चपला न घालताच खाली धावले, काकू मागून लिफ्टने आल्या.

सोसायटीच्या ऑफिसात स्क्रीनवर शोधलं. डिस्कवर उरलेलं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग ॲम्ब्युलन्स आली त्याच शनिवारचं होतं, सकाळी आठपासूनचं. त्याच्या आधीचे काका पुसून गेले होते. "भाजीला किती वाजता जायचे?" मी विचारलं. "नऊला निघायचे," काकू म्हणाल्या. मी नीट बघायला पुन्हा यादी उघडली, तर अर्ध्या तासाचा आख्खा तुकडा गळून तिची सुरुवात आता साडेआठवर आली होती. आम्ही दोघी तिथे उभ्या होतो आणि डिस्क आपलं काम इमानाने करत होती. गेटमधून आत येणाऱ्या पाण्याच्या टँकरला जागा द्यायची म्हणून काकांची सकाळ पुसत होती.

रेकॉर्डिंग थांबवायचा आणि कॉपी करायचा पासवर्ड फक्त टेक्निशियनकडे. त्याचा फोन लागेना. मी खाली वाकले आणि भिंतीतला प्लग उपटला.

स्क्रीनवरची चारही कॅमेऱ्यांची चित्रं एकदम काळी झाली. सेक्रेटरी धावत आले. "मॅडम, चार वाजेपर्यंत कॅमेरे बंद? काही झालं तर जिम्मेदारी कोणाची?"

"माझी!" मी अशी काही ओरडले की वॉचमन उठून उभा राहिला. मग मी त्यांना कारण सांगितलं. सेक्रेटरींनी काकूंकडे पाहिलं. ऑफिसातली एक खुर्ची उचलून ते स्वतः गेटपाशी जाऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे चारपर्यंत डोळे वटारून बघत राहिले. त्या माणसाला मी मीटिंगमध्ये अनेकदा कंजूष म्हटलंय. त्या दिवशी मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

टेक्निशियन आला. प्लग उपटला हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. "अशी खराब होत आलेली डिस्क एकदा बंद केली ना मॅडम, तर कधी कधी परत चालूच होत नाही."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घाईत सुचलं नव्हतं, इतकंच. त्याने बटण दाबलं. टक. टक. टक. मी देवाधर्मातली बाई नव्हे, पण त्या मिनिटाला मी त्या पत्र्याच्या डबीपुढे अक्षरशः हात जोडले होते. काकू पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या. मग आतून घरघर आली, तबकडी फिरायला लागली. त्याने आधी रेकॉर्डिंग बंद केलं, मग त्या सकाळची कॉपी काढली, आणि मी ती तिथल्या तिथे माझ्या लॅपटॉपवर घेतली. मगच चित्र सुरू केलं.

लॉबी. वरून दिसणारी, जराशी वाकडी, आवाज नसलेली. लिफ्टचं दार उघडलं आणि काका बाहेर आले.

अग्नी दिलेला माणूस हातात कापडी पिशवी घेऊन चालत होता. डावा खांदा थोडा पुढे, पावलं छोटी आणि भरभर. मी रोज बघितलेलं चालणं, आणि मी ते कधी बघितलंच नव्हतं. किती हजारांची ये-जा त्या तबकडीवरून अशी गेली असेल, कुणी न बघता. काकूंनी तोंडावर हात ठेवला. "असेच," त्या म्हणाल्या. "असेच चालायचे."

टेक्निशियनने पुढे नेलं. काका परत आले, पिशवी भरलेली, वर मेथीची जुडी. पण लिफ्टकडे गेले नाहीत. वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. लिफ्ट आली, उघडली, रिकामीच मिटली. काका बसूनच. छातीवर हात, मान खाली. लिफ्ट पुन्हा आली नि गेली. मग त्यांनी रुमाल काढून कपाळ, मान पुसली. खिशातून कंगवा काढून केस विंचरले. शर्ट खाली ओढून सारखा केला. उठले, पिशवी उचलली, आणि ताठ चालत लिफ्टमध्ये शिरले.

"मला म्हणायचे, लिफ्टला रांग होती," काकू हळू म्हणाल्या. "रोज हेच सांगायचे. आणि मी दार उघडल्याबरोबर रोज ओरडायचे, एवढा उशीर कशाला लागतो म्हणून."

मग काकूंनी पुन्हा लावायला सांगितलं. काका पुन्हा आले, पुन्हा त्या खुर्चीवर बसले. त्यांनी कंगव्यासाठी खिशात हात घातला तशा काकू पुढे सरकल्या आणि स्क्रीनला बोट टेकवून म्हणाल्या, "अहो, बसा अजून थोडं. मला काही घाई नाही."