बारीक आवाजाची परीक्षा

वडील सूतगिरणीत रातपाळी करून दिवसा झोपत. खोली एकच, म्हणून आमच्यात रेडिओ कधी वाजला नाही. पदवी मिळाली, नोकरी लागली, तेव्हा मी जुना स्टिरिओ घेतला. पण आवाज बारीक केला की डावा स्पीकर मुका व्हायचा.

मंगळवार पेठेतले दुरुस्तीवाले चाचा कुठलंही यंत्र मोठ्यानं वाजवून बघत नसत. "वरडाय कुणालाबी येतंय की पावणं! कुजबुजाय आलं पायजे."

त्यांनी आवाजाचं बटण काढलं आणि आवाज कमी करणारे रेझिस्टर दोन्ही बाजूंना सारखे यावेत म्हणून जोडीनं मोजून पायरीपायरीचा स्विच बांधला. बारीक आवाजात दोन्ही बाजू सारख्या येईनात, म्हणून तीनदा बांधला, तीनदा सोडवला.

"जमंल न्हवं?" मी विचारलं.

"न जमाय काय झालं?"

चौथ्यांदा बांधल्यावर ते स्टिरिओ घेऊन भरदुपारी आमच्या घरीच आले. झोपलेल्या वडिलांकडं बोट करून म्हणाले, "ह्यो आपला मीटर."

अगदी बारीक आवाजातही दोन्ही स्पीकर सारखे वाजले. वडील झोपलेलेच होते.